भ्यालेल्या माणसाचं गाणं

“भ्यालेलं बरं असतं, मास्तर,” असं म्हणून भाई आधी दाराकडे बघायचे आणि मग बसायचे.

खुर्ची कुठलीही चालेल, पण दार समोर हवं. दाराकडे पाठ येत असेल तर उभ्यानं चहा पितील, बसणार नाहीत. कॅम्पमधले लोक मुद्दाम त्यांची खुर्ची उलटी ठेवायचे. भाई ती फिरवून घ्यायचे आणि बसता बसता म्हणायचे, “हसा, हसा. भिणारा वाचतो.”

असा एखादा माणूस तुमच्याही बघण्यात असेल. आपण त्याला भित्रा म्हणतो, त्याची नक्कल करतो, आणि बाबा रे, तुला नेमकी कशाची भीती वाटते, हे विचारायचं राहून जातं. माझं दीड वर्ष राहून गेलं. आज त्याची लाज वाटते, म्हणून हे लिहायला बसलो.

साठच्या दशकातली गोष्ट. शारजाला इंग्रजांचा विमानतळ होता आणि त्याला लागून त्यांचा लष्करी कॅम्प. मी चिपळूणचा. बावीस-तेवीस वर्षांचा होतो आणि एका कंत्राटदाराच्या गोदामात स्टोअरकीपर होतो. टायर, दोरखंड, रंगाचे डबे आणि वाळू. वाळू यादीत नव्हती, पण सगळ्यांत जास्त साठा तिचाच. भाई शेजारच्या कँटीनमध्ये ग्लास धुवायचे. वय पस्तिशीचं, रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठचे कोकणी मुसलमान. त्यांचं नाव सांगणार नाही, ते का हे पुढे कळेलच. आम्ही सगळे त्यांना भाई म्हणायचो आणि ते मला मास्तर. मी जन्मात कुणाला बाराखडी शिकवली नाही, पण पत्र लिहून देतो तो मास्तर, असा त्यांचा हिशेब.

भाईंना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांच्या गावात उर्दू वाचणारे पुष्कळ होते, पण आईला पत्र वाचून दाखवायचे ते पोस्टमास्तर, आणि ते मराठी. म्हणून पत्र मराठीत. दर दुसऱ्या शुक्रवारी नमाज आटोपली की भाई माझ्या गोदामात हजर. टायरच्या चळतीला टेकून सांगायचे, मी लिहायचो.

भीती तरी किती प्रकारची! कँटीनमध्ये मांस ठेवायची थंड खोली होती. भाई आत जाताना दारात बटाट्याचं पोतं आडवं टाकायचे, दार मागून बंद झालं तर! जीपमध्ये बसले की शेवटपर्यंत दांडी धरून आयतुल कुर्सी, ती संकटात म्हणायची कुराणातली आयत, पुटपुटत राहायचे. रस्त्यावर शिपाई दिसला की वाट बदलायचे. फोटो काढायचं नाव काढलं तर आठवडाभर तोंड दाखवायचे नाहीत. आणि सगळ्यांत मजेची भीती पाण्याची. एकदा आम्ही दुबईला गेलो होतो, खाडी ओलांडायची होती. पाच मिनिटांची होडी. भाईंनी डोळे गच्च मिटले आणि माझं मनगट असं धरलं की चार दिवस काळंनिळं होतं.

“अहो, खाडीत जन्मलेले तुम्ही!” मी म्हटलं.

“म्हणूनच,” भाई म्हणाले. पलीकडे उतरल्यावर ते धक्क्यावरचा खांब धरून उभे राहिले आणि मी नालायक हसत होतो.

एका गोष्टीला मात्र भाई भ्याले नाहीत, उलट तिच्यापाशी आपण होऊन जाऊन उभे राहिले. ती म्हणजे कँटीनमधला रेकॉर्ड प्लेअर.

कॅम्पवर विमानं दुरुस्त करणारा एक वेस्ट इंडीजकडचा माणूस होता. उंचापुरा, हसरा. क्रिकेटमुळे आम्हा हिंदी लोकांना तो पहिल्या दिवसापासून घरचा. त्याच्याकडे रेकॉर्डची एक पेटी होती. अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या रेकॉर्ड, कुणा मित्राकडून मागवलेल्या. संध्याकाळी कँटीन उघडलं की तो त्या लावायचा. गोऱ्या पोरांना नाचायची गाणी हवी असायची, तर हा मधेच एक संथ गाणं लावून डोळे मिटून बसायचा.

ते गाणं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा, खरं सांगतो, मला वाटलं या माणसाचं पोट दुखतंय. मी नाट्यगीतांवर वाढलेला. आधी ऑर्गन, दबकत दबकत. मग ढोल, पण कसलीच घाई नसलेला, अर्ध पाऊल मागे रेंगाळणारा. पितळी वाद्यं एकदम उठायची आणि गप्प बसायची. मग तो आवाज. सुरुवातीला नुसता बोलल्यासारखा. मग विनवणी. एकच शब्द धरून बसायचा, तो घासायचा, पिळायचा, पुन्हा पहिल्यापासून मागायचा, आणि शेवटी शब्दच संपून गळा फाटायचा. मागे दोन-तीन बायका हो हो करून साथ द्यायच्या, दुखणेकऱ्याच्या उशाशी बसून धीर द्यावा तशा.

भाई ग्लास पुसत होते. ते थांबले. हातात ओला ग्लास, खांद्यावर फडकं, आणि डोळे त्या फिरत्या तबकडीवर. दाराकडे चक्क पाठ! मी बघतच राहिलो.

गाणं संपलं. भाई त्या माणसापाशी गेले आणि आपल्या कँटीनच्या इंग्रजीत म्हणाले, “साहेब, अगेन.”

तो हसला. पुन्हा लावलं. मग विचारलं, तुला यात काय आवडलं रे?

“साहेब, धिस मॅन व्हेरी फिअर.”

पोरं खो खो हसली. तो मात्र हसायचा थांबला. माझ्याकडे वळून म्हणाला, याला सांग, त्याचं बरोबर आहे. ती आपल्याला सोडून जाणार हे त्या गाणाऱ्याला कळलंय आणि तो घाबरलाय. आमच्याकडे हे गाणं चर्चमध्ये सुरू झालं, तिथं देवाची विनवणी करायचे. आता बाईची करतात. गळा तोच.

मी भाईंना समजावून सांगितलं. ते मान हलवत म्हणाले, “आमच्या दर्ग्यावर उरसाला कव्वाल असाच मागे लागतो. पण कव्वालाला माहीत असतं, देणारा ऐकतोय. याला माहीत नाही, कुणी ऐकतंय की नाही.” मग ग्लास पुसायला घेत म्हणाले, “पण बघा मास्तर, भ्यालाय आणि तरी गप्प बसत नाही. आपण भ्यालो की तोंड मिटतो.”

त्या दिवसापासून ते गाणं लागलं की भाईंचे हात थांबायचे. मीही हळूहळू ऐकायला लागलो. एक अक्षर कळत नसे, पण तो गळा फाटायची वेळ जवळ आली की माझा चहा हातात तसाच राहायला लागला. घराची आठवण नव्हे. काहीतरी हातातून जातंय, आत्ता जातंय, असं वाटायचं.

आता पत्रांकडे येतो. भाईंच्या पत्राच्या शेवटी दोन ओळी त्यांच्या धाकट्या भावाच्या असायच्या. धाकटा एकवीस-बावीस वर्षांचा, भाईंबरोबरच इथं आलेला, अबुधाबीकडे वाळवंटात तेलाच्या कॅम्पवर कामाला आहे, असं मला सांगितलेलं. “त्याचाही सलाम लिहा, मास्तर. म्हणावं, मी बरा आहे, खजूर खातो, काळजी करू नको.” अक्षर वेगळं दिसावं म्हणून मी त्या ओळी तिरक्या हातानं लिहायचो. ही हुशारी माझी, भाईंनी सांगितलेली नाही.

एका शुक्रवारी आईचं पत्र आलं. मी मोठ्यानं वाचलं. धाकट्यासाठी मामाच्या मुलीचं ठरवलंय. मुलगी त्याच्या नावावर थांबलीय, दोन चांगली स्थळं परत केली. आणि गावातल्या सारंगानं, बोटीवरच्या खलाशांच्या मुकादमानं, नोकरी सोडली, येताना आवाज भरायचं यंत्र आणलंय. ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांचे आवाज त्यावर येतात, बायका जमून ऐकतात. तर दोघांचाही आवाज पाठवा. धाकट्याला म्हणावं, एवढ्या दिवसांत तुझा फोटो नाही की काही नाही, दोन शब्द तरी बोल.

“झकास!” मी म्हटलं. “कधी येतोय तो इकडे? बोलवून घ्या त्याला.”

“कुठून येणार, मास्तर?” भाई म्हणाले. “तो खोरफक्कानला राहिला.”

मला वाटलं, नोकरी बदलली असेल. तेवढ्यात त्यांचा चेहरा दिसला आणि मी पत्र मिटून खाली ठेवलं.

ते दोघं बिनकागदाचे आले होते. लाँचमधून, पंचवीस-तीस माणसांबरोबर. डोंगरापलीकडच्या किनाऱ्यावर खोरफक्कान आहे, त्याच्या समोर, किनारा दिसतो न दिसतो एवढ्यावर लाँचवाल्यानं इंजीन बंद केलं. यल्ला, उतरा, कमरेएवढंच पाणी आहे. कमरेएवढं नव्हतं. उजाडायला अवकाश होता. डोक्यावर बोचकी. दोघं पोहणारे, पण ती लाट खाडीतली नव्हती आणि खाली खडक होते.

“त्याचा हात माझ्या हातात होता,” भाई म्हणाले. “मग नव्हता. सुटला की मी सोडला, मला आठवत नाही. रोज आठवून बघतो. तो ओरडला. भाय, भाय, भाय. तीनदा. मग नाही. मी काठावर बसून राहिलो. उजाडलं. बाकीचे म्हणाले, खलास, चल, शिपाई येतील. मी उठलो, मास्तर. उठलो आणि डोंगर चढायला लागलो.”

बाहेर ट्रक मागे घेत होते, त्याचा आवाज येत होता.

“ते गाणं आहे ना,” भाई म्हणाले, “शेवटी तो ओरडतो. तसाच ओरडला.”

आता तुम्हाला वाटेल, मी त्यांना जवळ घेतलं असेल. छे! मी भडकलो. “दीड वर्ष! दीड वर्ष तुम्ही माझ्याकडून मेलेल्या पोराचा सलाम लिहून घेतलात? मी तिरक्या हातानं लिहीत बसलो मूर्खासारखा! आणि ती मुलगी? ती कुणासाठी थांबलीय?”

“आईला कळलं तर ती मरेल.”

“आणि नाही मेली तर?”

भाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आतून आवाज आला, “नाही मेली तर विचारेल, तू कसा वाचलास?”

हीच ती भीती. बटाट्याचं पोतं, जीपची दांडी, फोटो, सगळ्यांच्या तळाशी हा एक प्रश्न. एका म्हाताऱ्या बाईच्या तोंडचा, हजार मैलांवरचा, अजून न विचारलेला. त्यानंतर मला त्यांची नक्कल करणारे लोक सहन होईनासे झाले. आणि तरीही पुढच्या पत्रात मी पुन्हा त्या दोन ओळी तिरक्या हातानं लिहिल्या. आता मलाही भीती वाटायला लागली होती. दुसऱ्याच्या भीतीत आपण एकदा पाय ठेवला की ती आपलीही होते.

पण आवाजाचं काय करायचं? आई पत्रामागून पत्रं पाठवायला लागली. एकच मागणं, दोघांचा आवाज.

त्याच सुमाराला त्या वेस्ट इंडीजवाल्याची बदली झाली. जाताना त्यानं आपलं टेपरेकॉर्डरचं यंत्र आणि टेप गुंडाळलेले तीन स्पूल भाईंना देऊन टाकले. विमान सुटायला तासभर होता. घाईघाईत त्यानं शिकवलं. ही दोन बटणं एकदम दाबायची, सुई हलली की बोलायचं. टेपवर जुनं काय असेल ते असेल, तुम्ही नवीन भरलं की पुसलं जाईल. आम्ही माना डोलावल्या. मग त्यानं भाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेला.

पुढच्या शुक्रवारी आम्ही गोदामाचं दार लावून घेतलं. यंत्र रंगाच्या डब्यांवर ठेवलं. भाई माझ्याकडे बघायला लागले आणि मी ओळखलं.

“मास्तर, तुमचं वय त्याच्याएवढंच.”

“भाई, नको.”

“दोन शब्द. आई, मी बरा आहे. एवढंच.”

मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. बटणं दाबली, सुई हलली, आणि मी म्हटलं, “आई, मी बरा आहे.” उलटं फिरवून ऐकलं. तो आवाज कुणाचाच नव्हता. माझा नव्हता, आणि त्याचा तर नव्हताच.

भाईंनी यंत्र बंद केलं. “नको. देवानं जीभ एवढ्यासाठी दिली नाही,” म्हणाले.

मग ते स्वतःच बोलले, पहिल्यापासून, माझ्या आवाजावरून. सलाम केला, गावातल्या सगळ्यांची नावं घेऊन खुशाली विचारली, कोंबड्यांची, विहिरीच्या पाण्याची चौकशी केली. धाकटा लांब आहे, तीन दिवसांचा रस्ता आहे, इन्शाल्ला पुढच्या वेळी तोही बोलेल. धाकट्याचं बोलताना त्यांचा गळा असा आवळून आला की मला वाटलं, आता फुटेल. पण फुटला नाही. तोंड मिटायची सवय मोठी. बोलणं संपलं, आम्ही बटण दाबून बंद केलं, स्पूल गुंडाळून बिस्किटाच्या डब्यात घातला. शारजातल्या रोल्ला मैदानात मोठ्या वडाखाली शुक्रवारी गावाकडचे लोक जमायचे. त्यांतला एक जण आगबोटीनं मुंबईला निघाला होता. डबा त्याच्या स्वाधीन केला.

तीन आठवड्यांनी मला सहज लहर आली. उरलेल्या दोन स्पूलांपैकी एकावर मी नाट्यपद म्हणून बघितलं. मला गाता येत नाही, पण गोदामात ऐकायला कोण होतं! म्हटलं, बंद केलं, उलटं फिरवून ऐकायला बसलो. माझं पद संपलं, खट्ट झालं, आणि ऑर्गन सुरू झाला.

तेच गाणं. जसंच्या तसं.

त्या माणसानं आपल्या रेकॉर्ड या टेपांवर उतरवून घेतल्या होत्या, आणि हे लाडकं गाणं तर जागोजागी. आम्ही समजलो होतो, नवं भरलं की जुनं सगळं पुसतं. पुसतं, पण तुम्ही बोलाल तेवढंच. त्यापुढचं तसंच राहतं. म्हणजे भाई बोलले तेवढे बोलले, आणि त्यांच्या मागोमाग गावी काय गेलं असेल?

मी धावत कँटीनमध्ये गेलो. भाई थंड खोलीतून मांस काढत होते. ऐकून त्यांनी ते तिथंच जमिनीवर ठेवलं.

“अहो, एवढं काय?” मी उसनं अवसान आणून म्हटलं. “तुमचं बोलणं झाल्यावर त्यांनी यंत्र बंद केलं असेल.”

“आमच्याकडे मधे बंद करत नाहीत,” भाई म्हणाले. त्यांनी सांगितलं ते असं. मौलूद, म्हणजे पैगंबरांच्या जन्माचं गायन, अर्ध्यावर सोडून उठत नाहीत, तसाच परदेशातल्या मुलाचा आवाजही अर्ध्यावर सोडायचा नाही, असं बायकांनी सारंगाला बजावून ठेवलंय. टेप संपून चाक नुसतं फटफटायला लागेपर्यंत सगळ्यांनी बसायचं, कारण पुढे अजून काही बोलला असेल तर?

“मग ऐकलं तर ऐकलं. हसतील. इंग्रजी गाणं पाठवलंस म्हणून ओरडा खाल.”

“हसण्याला कोण भितो, मास्तर? ते गाणं ऐकलं तर आईला कळेल.”

“काय कळेल? तिला इंग्रजी कुठं येतं?”

भाई माझ्याकडे बघत म्हणाले, “मला कुठं येतं?”

पुढचे दोन महिने कसे गेले ते सांगता येत नाही. भाई वाळत गेले. टपालाची गाडी आली की ते मागच्या दारानं निघून जायचे आणि मी टपाल बघायला जायचो. रिकाम्या हातानं परत आलो की दोघांनाही हुश्श व्हायचं. शुक्रवारी ते गोदामात यायचे, पण पत्र सांगायचे नाहीत. पूर्वी नुसतं दार बघायचे, आता दाराची कडी लावायचे.

मग एक दिवस बिस्किटाचा तोच डबा परत आला. वरून जुन्या साडीचं फडकं शिवलेलं. आत स्पूल, पण आमचा नव्हे, नवा.

पाच दिवस भाईंनी तो उघडला नाही. उशाशी घेऊन झोपायचे. मी चिडलो, समजावलं, पुन्हा चिडलो. शुक्रवारी ते आपण होऊन आले आणि डबा माझ्या मांडीवर ठेवला. “तुम्ही लावा. माझा हात चालत नाही.”

आधी कोंबड्यांचा आवाज आला. मग एका पुरुषाचा, सारंगच असणार, “बोल भावजय, आता बोल.” मग बराच वेळ नुसता श्वास. म्हातारीचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. बारीक होता, पण थरथरत नव्हता.

“बाळा, तू बोललास ते ऐकलं. कोंबड्या आहेत. विहिरीला पाणी आहे. तू बोलायचा थांबलास, आणि मग तो दुसरा कोण तो गायला. बायका हसल्या. सारंग म्हणाला, हे काहीतरी विलायती आहे, बंद करतो. मी म्हटलं, राहू दे. तो काय म्हणतो मला समजलं नाही. पण तो कुणाला तरी हाक मारत होता आणि कुणी येत नव्हतं. मी तीनदा लावायला सांगितलं. सगळ्या उठून गेल्या, मी बसले. धाकटा नाही ना रे?”

भाई टायरला टेकून होते ते सरकत खाली बसले.

“मुलीला मी मोकळं केलंय. तिचं शाबान महिन्यात लग्न आहे. तू एकटा बसलास ना इतके दिवस हे घेऊन? मला वाटायचं, पत्रात त्याच्या ओळी आहेत म्हणजे आहे. पोस्टमास्तर म्हणायचे, अक्षर निराळं आहे. बरं. तू ये आता. मला सगळं सांगायला ये. तू वाचलास म्हणून मी तुझ्यावर रागावेन असं तुला कुणी सांगितलं? ये.”

पुढे टेप कोरी होती. भाईंच्या तोंडून तेव्हा जो आवाज निघाला तो मी आयुष्यात विसरणार नाही. त्यात शब्द नव्हता. आधी खर्जात, मग चढत चढत, मग गळा फाटला. लोक धावत आले, काय झालं, कोण पडलं, काय चिरडलं? मी बाहेर जाऊन दाराला पाठ लावून उभा राहिलो आणि कुणाला आत सोडलं नाही. मीही रडत होतो, ते लपवणं मला जमलं नाही.

घरी जायला कागद हवेत, आणि कागद नव्हतेच. म्हणजे इंग्रजांच्या कचेरीत जाऊन, आपण कसे आलो, कुठं उतरलो, कोण बरोबर होतं, हे सगळं साहेबासमोर सांगणं आलं. ज्यानं शिपाई बघून वाट बदलावी त्या माणसानं! मी दुभाष्या म्हणून बरोबर गेलो. तुरुंगात टाकतील याची आम्हा दोघांना खात्री होती. भाईंनी सगळं सांगितलं. हाताचंही सांगितलं. तो साहेब दमलेला होता, त्याच्या टेबलावर असल्या फायलींचा ढीग होता. त्यानं धाकट्याचं नाव दोनदा विचारून नीट लिहून घेतलं आणि प्रवासाच्या कागदावर शिक्का मारला. बाहेर आल्यावर भाई म्हणाले, “एकदा बोलून झालं, मास्तर. आता दुसऱ्यांदा जमेल.” तोंडाला कोरड पडली होती त्यांच्या, पण म्हणाले.

जाताना त्यांनी यंत्र माझ्याकडे ठेवलं. मी त्यांना बोटीपर्यंत पोचवायला गेलो नाही. खोटं कशाला सांगू, काम होतं हे निमित्त. मला तो निरोप बघायची छाती नव्हती. कँटीनमध्ये ग्लास धुवायला दुसरा माणूस आला. तो शीळ घालायचा आणि कुठल्याही खुर्चीवर बसायचा. मला तो कधी आवडला नाही.

भाई परत आले नाहीत. पुढे आमची भेटही झाली नाही. पाच महिन्यांनी एक स्पूल मात्र आला. मी गोदाम बंद करून ऐकला. मागे कुणीतरी पाटा-वरवंट्यावर काही वाटत होतं आणि भाई सावकाश, न अडखळता बोलत होते.

“मास्तर, सलाम. पोचलो. आईनं आधी जेवू घातलं, मग म्हणाली, आता सांग. मी सगळं सांगितलं. लाँचचं, बोचक्याचं, हाताचं, तो ओरडला ते, आणि मी उठून चालायला लागलो ते. तिनं मधे एकदाही थांबवलं नाही. तुम्हाला माहीत आहे मला कशाचं भ्या होतं. ते तिनं विचारलंच नाही. सगळं झाल्यावर एवढंच विचारलं, ‘पाणी फार गार होतं का रे?’ मी म्हटलं, नाही आई, कोमट होतं. तेवढं एक खोटं बोललो, मास्तर.”